कुत्र्याने उडी का मारली नाही? मानसशास्त्र, पहिलं वर्ष, काही शंका

दुपारचा_चहा

मुलगी बारावीला गेली तशी तिच्याबरोबर मीही पुस्तकं उघडली आहेत. बाहेरून बीए करतेय, मानसशास्त्र घेऊन. 'अध्ययन' या प्रकरणात पावलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर इथपर्यंत गाडी नीट चालली होती. मग आली लर्न्ड हेल्पलेसनेस, पुस्तकी भाषेत अध्ययनित असहाय्यता. तिला दीड परिच्छेद दिलाय. सेलिग्मनने कुत्र्यांना शॉक दिले, त्यांना सुटता आलं नाही, नंतर सुटायची सोय असूनही ते बसून राहिले, माणसंही अशीच खचतात. खाली हत्तीच्या पिल्लाची आणि साखळीची गोष्ट, लहानपणी साखळी तुटली नाही म्हणून मोठेपणीही ओढून न बघणाऱ्या हत्तीची. प्रकरण समाप्त.

मला कळलेलं नाही ते असं. कुत्र्यांचे तीन गट कशाला? दोन पुरले नसते का? ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना, मग दोन वेगळे मथळे का? आणि तो हत्ती खरंच कुणाच्या प्रयोगातला आहे का? गाइडवाल्याने तर 'हत्तीवरील प्रयोग' असं ठळक छापलंय.

इथे मानसशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून विचारते. बाळबोध प्रश्न आहेत, सांभाळून घ्या.

आळशी_बोका

हत्तीचा प्रयोग व्हॉट्सॅप विद्यापीठात झाला. प्रमुख संशोधक आमचे मोठे काका. निष्कर्ष सूर्योदयाच्या फोटोवर छापून येतात.

सांगलीचे_मास्तर

चहाताई, हत्ती सोडून द्या. ती भाषणात सांगायची गोष्ट आहे, असा प्रयोग कुणी केलेला नाही. शिडी, केळी आणि पाच माकडांची गोष्टही त्याच खात्यातली. जशी सांगतात तसा प्रयोग कुठेही प्रसिद्ध झालेला नाही.

तीन गटांचं मात्र नीट बघू, कारण सगळी हुशारी तिथेच आहे. १९६४ साली मार्टिन सेलिग्मन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून आला. तिथे वेगळंच काम चालू होतं. कुत्र्याला आधी जखडून आवाज आणि शॉक यांची जोडी लावायची, हे पावलॉव्हचं अभिजात अभिसंधान, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीची चाहूल लागायला शिकणं. मग त्याला मध्ये आडवी फळी असलेल्या दोन कप्प्यांच्या पेटीत सोडायचं, उडी मारून पलीकडे गेला की शॉक बंद, हे साधक अभिसंधान, म्हणजे कृतीच्या परिणामातून शिकणं. पहिल्या ठिकाणी बसलेली भीती दुसऱ्या ठिकाणी उडीला जोर देते का, एवढंच पाहायचं होतं. पण कुत्रे उडीच मारेनात. कुईकुई करत पडून राहायचे. आता मोजायचं काय, म्हणून मंडळी वैतागली. सेलिग्मन, ब्रूस ओव्हरमायर आणि स्टीव्हन मायर यांनी मात्र त्या पडून राहण्याचाच अभ्यास करायचं ठरवलं.

यावर पहिला आक्षेप कुणीही घेईल: इतके शॉक खाल्ल्यावर कुत्रा गळूनच गेला असेल, त्यात मानसशास्त्र कुठलं? शॉकवाले आणि बिनशॉकवाले असे दोनच गट ठेवले असते तर हा आक्षेप कधीच खोडता आला नसता. म्हणून तिसरा गट. सेलिग्मन आणि मायर यांच्या १९६७च्या निबंधात प्रत्येक गटात ८ कुत्रे आहेत. कुत्रा रबरी कापडाच्या झोळीत, पाय भोकांतून खाली लोंबतायत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी. पहिल्या गटाच्या कुत्र्याने डोक्याने पट्टी दाबली की शॉक थांबायचा. दुसऱ्या गटालाही तितकेच, म्हणजे ६४ शॉक, त्यांची लांबी पहिल्या गटावरून बेतलेली, पण पट्टी कितीही दाबा, काही फरक नाही. तिसऱ्या गटाला झोळीत घातलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे उडीच्या पेटीत. दिवे मंद होतात, १० सेकंदांनी शॉक सुरू. फळी कुत्र्याच्या खांद्याइतकी, म्हणजे सहज ओलांडता येणारी. पहिला आणि तिसरा गट उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले ८ पैकी ६ कुत्रे १० पैकी ९ किंवा दहाही वेळा बसून राहिले.

आता पहिले दोन गट शेजारी ठेवा. वेदना दोघांना सारखीच. एकाने डोकं हलवलं की काहीतरी घडत होतं, दुसऱ्याने हलवून काहीच घडत नव्हतं. उत्तरपत्रिकेत एवढा फरक नीट लिहिलात तरी परीक्षक खूश होईल, कारण निम्मे लोक 'शॉकमुळे कुत्रे असहाय झाले' असं लिहून येतात.

रेवा_के

मास्तर, दंडवत. ऋण प्रबलनाचं मी सांगते, कारण याच्यावर मी स्वतः एकदा तोंडी परीक्षेत आपटले आहे. प्रबलन म्हणजे वर्तन वाढणार. शिक्षा म्हणजे वर्तन कमी होणार. धन-ऋण हे फक्त काही दिलं की काढून घेतलं एवढंच सांगतं, चांगलं-वाईट नाही. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत ते टुंग टुंग वाजत राहतं, लावला की थांबतं, म्हणून आपण बसल्या बसल्या लावतो: ऋण प्रबलन. मुलाचा मोबाइल काढून घेतला आणि त्याचं उलट बोलणं कमी झालं: ऋण शिक्षा.

आणि मास्तरांच्या पेटीत सगळंच आहे बघ. दिवे मंद झाल्यावर भीती वाटणं हे अभिजात. उडीने शॉक थांबतो म्हणून उडी वाढणं हे ऋण प्रबलन. उडी मारल्याबद्दल शॉक दिला असता तर ती शिक्षा. एकच आकृती काढून तिन्ही उत्तरं लिहिता येतील.

आळशी_बोका

आमच्याकडे 'भांडी घास' हे टुंग टुंग घासेपर्यंत थांबत नाही. आणि घासल्यावर 'ओटा पूस' सुरू होतं. हे कुठलं प्रबलन?

रेवा_के

बोक्या, हा दुसरा गट.

घाटावरचा

चांगला धागा. पण आपल्या देशाकडे बघितलं तर प्रयोगाची गरजच काय? एका दाखल्यासाठी माणूस फेऱ्यांवर फेऱ्या मारतो, 'साहेब जेवायला गेलेत' ऐकतो आणि मुकाट परत येतो. आवाज करत नाही, अर्ज करत नाही. माहितीचा अधिकार २००५पासून आहे, किती लोक वापरतात? पिंजरा उघडा आहे, लोकच बसून आहेत. मानसिकता बदलल्याशिवाय काही होणार नाही.

ओवी_ठाणे

घाटावरचा, इथे जरा थांबा. या संकल्पनेचा सगळ्यात जास्त गैरवापर याच वळणावर होतो.

मी समुपदेशक आहे. नवऱ्याचा मार खाऊनही घर न सोडणाऱ्या बायकांबद्दल 'तिला असहाय्यतेची सवय लागलीय' हे मी कौटुंबिक बैठकांत, पोलीस चौकीत, सुशिक्षित लोकांकडून ऐकलंय. हे कुठून आलं? १९७९मध्ये लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सेलिग्मनची कल्पना मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना लावली. हेतू चांगला होता, 'तिला मार आवडतो' असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती. पण १९८८मध्ये गोंडोल्फ आणि फिशर या संशोधकांनी टेक्ससमधल्या ५० निवारागृहांतल्या ६,०००हून जास्त स्त्रियांची माहिती तपासली आणि चित्र उलटं दिसलं. मारहाण वाढत गेली तसे या बायकांचे मदत मागण्याचे प्रयत्नही वाढत गेले होते. नातेवाईक, पोलीस, वकील, सगळीकडे जाऊन झालं होतं. थंड बसली होती ती समोरची यंत्रणा.

प्रयोगातली असहाय्यता कधी म्हणायची? फळी खरंच ओलांडण्याजोगी असेल तेव्हा. तुमच्या दाखलेवाल्या माणसाची फळी किती उंच आहे हे तुम्ही मोजलंय का? अर्ज केल्यावर पुढच्या वेळी 'तुमचंच काम राहिलं बघा' असं होणार असेल, तर मुकाट परत येणं हा त्याचा हिशेब आहे. झोळीतल्या कुत्र्यालाही कुणी आळशी म्हटलं नाही. झोळीत पट्टी चालत नव्हती, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

घाटावरचा

मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. काही फळ्या खरंच बुटक्या आहेत आणि लोक तरी उडी मारत नाहीत. ग्रामसभेला आमच्या गावात कोण येतं? तिथे कोण अडवतो? नेहमीचीच चार टाळकी. तुमचं ऐकलं तर कुणाला काही म्हणायचंच नाही.

ओवी_ठाणे

म्हणा की. फक्त आधी एक चौकशी करा, की याआधी कुणी ग्रामसभेत उठून बोललं तेव्हा त्या बोलण्याचं काय झालं. ठरावात आलं का?

चष्मिष

वाद चालू द्या, मी मध्येच एक खेळ देते. मी कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवते. शब्दांची अक्षरं हलवून नवा शब्द करायचा, असा एक वर्गपाठ अमेरिकेतल्या शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे, तो मी मराठीत बसवलाय. काना-वेलांटीसकट अक्षर उचलायचं आणि जागा बदलायची. सगळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तीन शब्द. उजवीकडच्या बाकांना मिळतात नदी, लता आणि मगर. डावीकडच्यांना चिमणी, खिडकी आणि मगर. चिमणी आणि खिडकीचं काहीही होत नाही, डोकं फोडलं तरी. पण डावीकडच्यांना ते माहीत नाही.

'पहिला शब्द झाला त्यांनी हात वर करा.' उजवीकडे भराभर हात. नदीचं दीन झालं. डावीकडे पेनाची टोपणं चावणं चालू, एक-दोघं उजवीकडे बघतायत. 'दुसरा झाला?' उजवीकडे पुन्हा हात, लताचं ताल. डावीकडे आता हसू नाही. एखादा चिठ्ठी उलटी करून ठेवतो. मग तिसरा, जो दोघांना सारखाच आहे. मगरचं गरम व्हायला किती वेळ लागतो? उजवीकडे क्षणात. डावीकडे हुशार हुशार पोरं चिठ्ठीकडे बघत बसतात. एकीने तर मला नंतर सांगितलं, 'बाई, मी तिसरा वाचलाच नाही.'

खेळ संपल्यावर लगेच, त्याच तासाला, सगळं उघड करायचं. हे टाळलंत तर तो निव्वळ छळ आहे. आणि हा पुरावा नव्हे बरं का, नुसतं दाखवणं आहे. माणसांवरचा रीतसर प्रयोग डोनाल्ड हिरोटो यांनी १९७४मध्ये केला. कुत्र्यांसारखेच तीन गट, शॉकऐवजी नकोसा मोठा आवाज आणि तो बंद करायचं बटण. ज्यांचं बटण चालत नव्हतं ते पुढच्या खेपेला, साधा दांडा सरकवून आवाज बंद करता येत असतानाही, ऐकत बसले. पुढच्या वर्षी हिरोटो आणि सेलिग्मन यांनी न सुटणारी कोडी आणि न थांबणारा आवाज यांची अदलाबदल करून पाहिली. एकीकडचा अनुभव दुसरीकडे पसरतो असं दिसलं.

रेवा_के

चिमणीवर मी आत्ता पाच मिनिटं घालवली. माहीत असून!

दुपारचा_चहा

किती छान सांगताय सगळे. चष्मिषताई, खेळ मुलीवर करून बघणार, आणि लगेच सांगूनही टाकणार.

एक नवी शंका. जो कुत्रा बसून राहिला त्याने 'प्रयत्न करून उपयोग नाही' असं शिकून घेतलं, हे कशावरून? कदाचित न हलण्याचीच सवय लागली असेल. शॉक कधीतरी आपोआप थांबतो, तेव्हा तो योगायोगाने गप्प बसलेला असेल, मग गप्प बसण्यालाच प्रबलन मिळालं?

सांगलीचे_मास्तर

ताई, त्या काळच्या वर्तनवाद्यांनी अगदी हाच हल्ला चढवला होता. प्राणी अपेक्षा वगैरे बाळगत नाही, तो फक्त क्रिया शिकतो, असा त्यांचा दावा. मायरने त्यावर सुरेख तोडगा काढला, १९७०मध्ये छापला. काही कुत्र्यांना त्याने उलटं शिकवलं: न हलता थांबलास तर शॉक बंद. म्हणजे गप्प बसण्याला खरोखरच प्रबलन. वर्तनवाद्यांच्या हिशेबाने हे कुत्रे पेटीत सगळ्यात वाईट ठरायला हवे होते. पण ते उडी मारायला शिकले. गप्प बसणं हे त्यांचं हत्यार होतं, ते चालेना तेव्हा त्यांनी दुसरं शोधलं.

बसून राहणाऱ्यांवर उपायही सोपा नव्हता. पलीकडे खाऊ ठेवून, हाका मारून काही होईना. शेवटी गळ्यात दोरी बांधून कुत्र्याला ओढत फळीपलीकडे नेलं, पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. काहींना कित्येकदा ओढावं लागलं, तेव्हा कुठे ते आपण होऊन जायला लागले. १९६८चा निबंध आहे.

कोकमसरबत

हे सगळं वाचून मला फक्त त्या कुत्र्यांचं वाईट वाटतंय. आज असले प्रयोग करू देतात का?

कोलोरॅडोची_थंडी

कोकम, कुत्र्यांवर असे, बहुतेक नाहीच. नैतिकता समितीपुढे अर्जच टिकणार नाही. भारतातही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर १९६०च्या कायद्याखालची देखरेख समिती आहे. पुढचं काम मुख्यतः उंदरांवर झालं आणि तिथेच या गोष्टीला पलटी मिळाली. मी उंदरांच्या मेंदूवर काम करते, मायर यांचे निबंध आमच्याकडे कोळून प्यावे लागतात, म्हणून लिहिते.

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळले. २०१६मध्ये त्यांनी आणि सेलिग्मन यांनी मिळून पन्नास वर्षांचा आढावा लिहिला आणि स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. त्यांचं म्हणणं असं: खचून बसणं हे शिकावं लागतच नाही. दीर्घ त्रास झाला की मेंदूच्या बुंध्यात डॉर्सल राफे नावाचा एक पेशीपुंज आहे, तो सेरोटोनिन हे रसायन सोडू लागतो आणि प्राणी गप्प, भेदरलेला होतो. ही मूळची, उपजत प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते नियंत्रण. 'मी काही केलं की काही बदलतं' हे मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्याला कळलं की तो खाली हुकूम पाठवून राफेला गप्प करतो.

पुरावा कसला, तर उंदराला चाक फिरवून शॉक थांबवता येतोय, पण त्या वेळी औषधाने त्याच्या मेंदूचा तो पुढचा भाग बंद ठेवलाय. उंदीर चाक व्यवस्थित फिरवतो, शॉक थांबवतो, आणि तरी नंतर असहाय उंदरासारखा वागतो. उलटही केलं. शॉक थांबवता येत नाही, पण पुढचा भाग औषधाने जागा ठेवलाय. तो उंदीर नंतर ताठ.

म्हणून १९६७च्या तीन गटांकडे पुन्हा बघा. शिकला तो पहिला गट. दुसऱ्याला शिकायला काही मिळालंच नाही.

घाटावरचा

हे जबरदस्त आहे. आणि ओवीताई, हे थोडंफार तुमच्या बाजूने जातंय हे मला दिसतंय.

ओवी_ठाणे

बाजू जाऊ दे, पण कामात याचा फरक पडतो खरा. 'तुझ्या डोक्यातली असहाय्यता काढून टाक' असं सांगण्यापेक्षा, तिच्या हातून एक लहान गोष्ट प्रत्यक्ष घडेल अशी व्यवस्था करणं. तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, जिथे तिने सही केली की पैसे निघतात.

यातही एक मेख आहे. नुसतं यश वाढून ठेवून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा १९७५चा छोटा प्रयोग आहे, गणितात अपयश आलं की कोलमडणाऱ्या १२ मुलांवर. निम्म्यांना रोज फक्त जमणारी गणितं दिली. निम्म्यांना मधूनमधून चुकू दिलं आणि तिथे 'अजून जोर लावायला हवा होता' असं सांगितलं. शेवटी सगळ्यांना अपयश दाखवलं तेव्हा लाडाने वाढवलेला पहिला गट पूर्वीसारखाच कोसळला, दुसरा टिकला. आता कुणी याचा अर्थ 'पोराला जोर लाव म्हणत राहा' असा काढू नका. ज्याला भागाकारच शिकवलेला नाही त्याला जोर लाव म्हणणं हा दुष्टपणा आहे.

चहाताई, यालाच जोडून तुमच्या अभ्यासात १९७८ची सुधारणा असेल, अ‍ॅब्रम्सन, सेलिग्मन आणि टीसडेल यांची. अपयशाचं कारण आपण कुठे लावतो याचे तीन प्रश्न: माझ्यात की बाहेर, कायमचं की आजपुरतं, सगळीकडे की एवढ्यातच. 'पेपर अवघड होता' आणि 'मी मठ्ठच आहे' यांना हे तीन प्रश्न विचारून पाहा, लगेच समजेल. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती (घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार त्रास देतो, तो बदला, असं सांगणारी) कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. तो सिद्धांत वेगळा, दोन्हींची गल्लत करू नका, पण आळी तीच.

आळशी_बोका

सीआयएने याचा वापर छळासाठी केला म्हणतात, ते खरं का व्हॉट्सॅप?

कोलोरॅडोची_थंडी

दुर्दैवाने खरं. अमेरिकी सिनेटच्या समितीचा अहवाल डिसेंबर २०१४मध्ये आला, त्यात आहे. कंत्राटावर घेतलेल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कैद्याला असहाय्यतेच्या अवस्थेत नेलं की तो सहकार्य करेल असं मांडलं होतं. माहिती किंवा सहकार्य मिळवायला या पद्धती प्रभावी नव्हत्या, हा अहवालाचा निष्कर्ष. सेलिग्मन यांनी या वापराचा निषेध केला आहे. मूळ प्रयोग पाहिला तरी तर्क बसत नाही. ज्याला आपल्या कृतीने काहीच बदलत नाही असं वाटतंय, तो बोलेल कशाला?

दुपारचा_चहा

शेवटचा प्रश्न, मग परीक्षेला लागते. ८ पैकी ६ बसले. उरलेले दोन का नाही बसले?

सांगलीचे_मास्तर

फार चांगला प्रश्न, आणि तो त्यांनाही पडला होता. साधारण तीनातला एक कुत्रा कधीच हार मानत नसे. एक धागादोरा असा, की ज्यांना आधी सुटता येण्याजोगे शॉक मिळाले होते, त्यांच्यावर नंतरच्या न सुटणाऱ्या शॉकचा परिणाम झाला नाही. लस टोचल्यासारखं. दुसरा असा, की बाहेरून आणलेल्या, पूर्वायुष्य माहीत नसलेल्या गावठी कुत्र्यांपेक्षा प्रयोगशाळेत जन्मून तिथेच वाढलेले कुत्रे लवकर असहाय झाले. १९७०च्याच दुसऱ्या एका निबंधात आहे. बाहेरच्याने बहुधा आधी कधीतरी कुंपण ओलांडून, कुणावर तरी गुरगुरून आपलं काम साधलेलं असणार. हा मात्र अंदाज. तो उत्तरपत्रिकेत लिहू नका, गुण कापतील. मायर-सेलिग्मन २०१६ मात्र शेवटच्या दोन ओळींत जरूर लिहा. पुस्तकात नसलं तरी.